खारबांधावरचे कोल्हे

माझ्या सासऱ्यांची शेवटपर्यंत समजूत होती की जावई मिठाच्या खात्यात आहे. खात्याचं नाव 'खारभूमी' आणि नोकरी पेणला, मिठागरांच्या मुलखात. त्यात त्यांची काही चूक नव्हती. पहिल्या दिवाळसणाला त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "खडेमिठाचं एखादं पोतं मिळेल का हो?" मी नाही म्हटलं, तो त्यांना माझा प्रामाणिकपणा वाटला. पुढे रोह्यातल्या सगळ्या नातेवाइकांना ते सांगत, "आमचे जावई चिमूटभर मीठसुद्धा घरी आणत नाहीत."

माझं खातं मिठाचं नव्हतं, मीठ अडवायचं होतं. खाडीकडची गावं ज्यांनी पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तिथली भातशेती मोठ्या भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या अंगाला आहे. म्हणजे खरं तर जिथे मासे पोहायचे तिथे माणसं भात लावतात. दोघांच्या मधे उभा असतो तो मातीचा बांध. खाडीच्याच चिखलाचा, माथ्यावरून माणसं एकामागे एक चालतील एवढा, कुठेकुठे बाहेरून दगड लावलेला. त्यात अधूनमधून उघाड्या असतात. उघाडी म्हणजे लाकडी झडपेचं दार. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं आणि झडप बंद होते. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना वीज. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी ती झडप आपोआप मिटताना पाहिली आणि एखाद्या खेड्यातल्या माणसाने विमान बघावं तसा बघत राहिलो.

बांध फुटला की आम्ही 'खांड पडली' म्हणतो. खारं पाणी आत शिरतं. उभं पीक तर जातंच, पण जमिनीत मुरलेलं मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत पुढचे दोन-तीन हंगामही धड लागत नाहीत. म्हणून बांधावर नजर ठेवायला माणूस लागतो. तो मी. कागदावर माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं. गावोगाव मला 'बांधवाले मेस्त्री' म्हणत. घर रोह्याला, नदीपलीकडे अष्टमी गावात. सोमवारच्या एसटीने पेणला यायचं, शनिवारी परत. मधले दिवस चालायचं. माझ्या नोकरीचं एका शब्दात वर्णन करायचं तर 'चालणे'.

चालताना माणसं भेटायची. एका गावात एकाने बांधाच्या ऐन उतारावर शेवगा लावला होता. झाडाची मुळं कुजली की बांधात पोकळी होते, म्हणून मी तो तोडायला सांगितला. तो म्हणाला, "मेस्त्री, शेंगा लागू दे, मंग तोडतो." शेंगा लागल्यावर त्याने अर्धा भारा माझ्या खोलीवर आणून टाकला आणि मग शेवगा तोडायचा विषय मलाच काढवेना. शेवटी माझ्यानंतरच्या मेस्त्रीने तो तोडला. त्याला शेंगा आवडत नसाव्यात.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट धर्मा पाटलांच्या गावची. गावाचं खरं नाव राहू दे, आपण त्याला खारगाव म्हणू. डोलवीकडे कारखान्याची हालचाल नुकती सुरू झाली होती आणि तरणी मुलं शेतीपेक्षा शिफ्टच्या गोष्टी जास्त बोलू लागली होती, त्या काळातली ही हकिकत.

धर्मा पाटील हे गावातले वजनदार शेतकरी. उंच, काळेसावळे, बोलणं तोडून. त्यांची शेतं बांधाला लागून होती आणि घरामागे गोड्या पाण्याचं तळं होतं. त्या तळ्यात ते जिताडे पाळत. जिताडा म्हणजे आमच्या खाडीचा राजा. मोठ्या तोंडाचा, चवीचा आणि अट्टल खादाड मासा. पेणकडे जावयाला जिताड्याचं कालवण घातलं की त्याने पुढे तक्रार करायची नसते. पावसाळ्यात खाडीतून येणारी त्याची बोटभर पिल्लं पकडून तळ्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षं वाढवायची. माझी आणि धर्मा पाटलांची ओळख भांडणातून झाली, कारण ती पिल्लं आत यावीत म्हणून त्यांनी उघाडीच्या झडपेत दगड अडकवून ठेवला होता. मी दगड काढला. त्यांनी पुन्हा लावला. मी पुन्हा काढला. असं बऱ्याचदा झाल्यावर त्यांनी मला घरी चहाला बोलावलं.

चहा यशोदाबाईंनी दिला. यशोदाबाई त्यांची बायको. बुटकी, हसतमुख, पण आवाज असा की बांधाच्या या टोकावरून हाक मारली तर त्या टोकाला ऐकू जावी. तिच्या शेळ्या होत्या. शेळ्या म्हणजे तिचा स्वतःचा संसार. त्यात धर्मा पाटलांनीही लुडबूड करायची नाही असा घरात कायदा होता. आणि याच शेळ्यांवरून सगळं सुरू झालं.

बांधाच्या बाहेर, खाडीच्या अंगाला तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान होतं. त्या रानात कोल्हे. दिवेलागणीला ते ओरडायला लागले की गावातले कुत्रे त्यांना साथ द्यायचे आणि बाया म्हणायच्या, "गो, लाव दिवा, कोलं बोंबललं." त्या वर्षी पावसाळ्यात कोल्ह्यांनी यशोदाबाईंची करडं उचलली. एक गेलं तेव्हा ती रडली. दुसरं गेलं तेव्हा ती जेवली नाही. कोंबड्याही जात होत्याच, पण त्या सगळ्यांच्याच जात.

धर्मा पाटलांनी बायकोला तसं बसलेलं पाहिलं आणि कुठून तरी औषध आणलं. मेलेल्या कोंबड्यांत ते घालून तिवरांच्या कडेला ठेवलं. काही कोल्हे बांधाखाली मरून पडलेले सापडले. गावचे दोन-तीन कुत्रेही गेले. राहिलेले कोल्हे कुठे पांगले कुणाला कळलं नाही, पण संध्याकाळचं ओरडणं थांबलं. गाव खूश झालं. मलाही वाईट वाटलं नाही. कोल्हे बांधाचा उतार उकरत आणि माती विस्कटत, ती सारखी करायचं काम माझ्या मजुरांच्या गँगला लागायचं.

आता खेकड्यांविषयी. बांधाला लाटा त्रास देतात, उंदीर देतात, माणसं देतात. पण चिकाटीने त्रास देणारा प्राणी म्हणजे खेकडा. चिखलात बीळ करून राहायचं हा त्याचा धर्म, आणि आमचा बांध म्हणजे त्याच्या दृष्टीने उंचावरचा, ऐसपैस चिखल. बाहेरच्या अंगाने शिरलेलं बीळ वाढत वाढत आतल्या अंगाला आलं की त्यातून पाणी झिरपायला लागतं. मी गावोगाव एकच गोष्ट सांगत फिरायचो: झिरपणारं पाणी नितळ असेल तर मला निरोप द्या, गढूळ असेल तर मला बोलावू नका, आधी कुदळ घेऊन पळा. गढूळ पाणी म्हणजे ते आतून माती घेऊन निघालंय.

कोल्हे गेले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात खारगावच्या बांधाला बिळं जरा जास्त वाटली. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र बांध म्हणजे चाळण झाला. लाल नांगीचे बारके खेकडे तर इतके, की ओहोटीला बांधावरून चाललं की पुढेपुढे सरसर आवाज जायचा, जणू कुणी वाळका पाला ओढतंय. आम्ही बिळं खणून रुंद करायचो, आत चिकण चिखल ठोकून भरायचो आणि पुढच्या आठवड्यात शेजारी नवी बिळं तयार.

या सगळ्यात आनंदी होती ती एकटी नर्मदा. ही गावच्या टोकाला राहणारी विधवा बाई. लोखंडी आकडी बिळात घालून मोठ्या चिंबोऱ्या, म्हणजे खायचे खेकडे, काढायच्या, नांग्या बांधायच्या आणि पेणच्या बाजारात विकायच्या हा तिचा धंदा.

"मेस्त्री, असा धंदा माज्या जल्मात नाय जाला," ती मला म्हणाली. "आदी मी जायाच्या आदी कोल्यानं जाऊन बिलं धुंडाललेली असायची. आता सगल्या माज्याच."

मी हसलो आणि पुढे गेलो. तिने जे सांगितलं ते माझ्या कानावरून गेलं. डोक्यात शिरलं नाही.

आमचे उपअभियंते तेव्हा नवीन आले होते. देशावरचे, तरुण, खाडीचा चिखल त्यांनी आधी पाहिलेला नव्हता. पण माणूस बुटासकट चिखलात उतरणारा होता. बिळांनी भरलेला उतार बघून त्यांनी विचारलं, "हे खेकडे पूर्वी नव्हते का?"

"होते की साहेब. खाडी आहे तिथे खेकडे असणारच."

"मग पूर्वी त्यांना कोण आवरत होतं?"

उत्तर साहेबांनाही ठाऊक नव्हतं, म्हणूनच त्यांनी विचारलं होतं. पण तो प्रश्न माझ्या मागे लागला. एसटीत बसलो तरी तोच. अष्टमीच्या घरी जेवताना बायको म्हणाली, "भाजीत मीठ नाही, आणि तुम्ही गप्प कसे?"

पुढच्या आठवड्यात नर्मदेचं ते बोलणं आठवलं आणि मी दुसऱ्या एका गावच्या बांधावर सकाळच्या ओहोटीला मुद्दाम जाऊन बसलो. तिथे कोल्हे अजून होते. लहानपणी आम्हाला गोष्ट सांगायचे, कोल्हा आपली शेपूट खेकड्याच्या बिळात सोडतो आणि खेकड्याने ती पकडली की उडी मारून त्याला बाहेर काढतो. मी असलं काही पाहिलं नाही. मी पाहिलं ते याहून साधं होतं. दोन कोल्हे तिवरांतून निघून उघड्या चिखलावर आले. एक जण नाक खाली धरून बिळांवरून फिरत होता. मधेच थांबायचा, पुढच्या पायांनी झपाट्याने उकरायचा आणि खेकडा बाहेर निसटला की त्याला पंजाने उलटा पाडायचा. उलटा खेकडा नांग्या वर करून हवेत चावत राहतो. मग कोल्हा बाजूने तोंड घालून आधी नांगी मोडायचा. कुरकुर आवाज मला बांधावर ऐकू येत होता. दुसरा जरा अनाडी होता. त्याच्या ओठाला खेकडा लटकला आणि तो गोलगोल फिरत केकाटायला लागला. मला हसू आवरेना. माझं हसणं ऐकून दोघेही पळाले.

त्यानंतर बांधाच्या माथ्यावर पडलेली त्यांची विष्ठा मी काटकीने फोडून पाहिली. आयुष्यभर मी ती ओलांडून चाललो होतो. आत लाल-पांढऱ्या कवचांचा चुरा होता, थोडे उंदराचे केस होते. शेळी-कोंबडीचं काही दिसलं नाही. शेळीचं करडू हा त्यांचा सणाचा दिवस. रोजची भाजीभाकरी म्हणजे खेकडे आणि उंदीर. आणि हे दोन्ही माझ्या बांधाचे शत्रू.

हे गावात सांगावं कसं, याचा विचार करतच होतो, तेवढ्यात नारळी पौर्णिमेचं उधाण आलं.

आमच्याकडे पौर्णिमा-अमावास्येला मोठी भरती भर दुपारी असते. मी उघाडीपाशी होतो. पाऊस थांबून थांबून पडत होता, वारा खाडीकडून. एवढ्यात लांबून नर्मदा धावत येताना दिसली, आकडी हातात, लुगड्याचा काचा मारलेला.

"मेस्त्री! धर्माशेटच्या शेताकडं पानी येतंय. गडूल हाय!"

मी पळालो. आतल्या उतारावर, भाताच्या लोंबत्या पात्यांशेजारी, मनगटाएवढ्या भोकातून तपकिरी पाणी उसळत होतं. बाजूला दुसरं भोक सुरू झालं होतं. मी नर्मदेला गावात पिटाळलं आणि हाताला येईल ते गवत, चिखल त्या भोकात कोंबायला लागलो. उपयोग नव्हता. बाहेरून तोंड बंद केल्याशिवाय आतून कोंबून काही होत नाही, हे मला ठाऊक होतं; पण हात थांबत नव्हते. डोळ्यांदेखत बांधाचा माथा एका वितीने खाली बसला, मग हातभर, आणि मग तो तुकडा पाण्याबरोबर शेतात गेला. आवाज फारसा झाला नाही. एखाद्या म्हशीने चिखलात बसावं तसा झाला.

गाव आलं. धर्मा पाटील सगळ्यात पुढे. त्यांच्याच शेतात पाणी जात होतं, पण त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सरळ खांडीत उतरले. छातीपर्यंत पाणी. कुणी बांबू आणले, कुणी घराची दारं काढून आणली, गोणपाटं, पेंढा, तिवराच्या फांद्या. बांबू रोवायचे, त्याला फांद्या अडवायच्या, मागे चिखलाच्या गोण्या लोटायच्या. बायांनी शेतापासून खांडीपर्यंत रांग धरली आणि चिखलाची ढेकळं हातोहात पुढे येऊ लागली. यशोदाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर, "सारा गो, सारा! हात थांबवू नका!" पाणी गोण्या फेकून देत होतं आणि आम्ही पुन्हा लावत होतो. एकदा धर्मा पाटलांचा पाय सुटला आणि ते आत ओढले गेले. बांबू धरून उभ्या असलेल्या दोघांनी त्यांना सदऱ्याला धरून वर काढलं. सदरा फाटला. ते पुन्हा उतरले.

ओहोटी लागली म्हणून आम्ही वाचलो. पाण्याचा जोर उतरला तसा बंधारा धरला आणि पुढच्या भरतीच्या आत तो बांधाएवढा उंच झाला. गावाची बरीचशी शेती राहिली. धर्मा पाटलांचे बांधालगतचे तुकडे आणि शेजारच्या काहींचे गेले. संध्याकाळी त्या शेतात उभं राहिलं तर भाताची पाती हिरवीच दिसत होती, पण ओठांवर पाणी लावलं की खारट.

दोन दिवसांनी गावदेवीच्या देवळात बैठक झाली. उपअभियंते आले होते. लोकांनी खात्याला भरपूर ऐकवलं आणि त्यातलं बरंच खरं होतं: तो भाग जुना होता, बाहेरून दगड लावायचा राहिला होता, त्या वर्षीचं उधाणही मोठं होतं. खांड केवळ कोल्हे मारल्यामुळे पडली असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण बांध आतून पोखरलेला होता हे सगळ्यांनी पाहिलं होतं. साहेबांनी दगड लावून द्यायचं कबूल केलं. मग मी उठलो आणि जे पाहिलं होतं ते सांगितलं.

आधी हशा पिकला. धर्मा पाटील हसले नाहीत.

"मेस्त्री, बांद तुमी बांदलाव आन् राखन कोला करतो म्हनता? माज्या बायकोची करडं खाल्ली त्यानं. त्याला काय हलद-कुंकू लावू?"

नर्मदाही माझ्या बाजूने नव्हती. "कोला नको गो बाय," ती म्हणाली, "माज्या चिंबोऱ्या खातो तो."

मी धर्मा पाटलांना म्हटलं, "दादा, एक विचारू? तुमच्या तळ्यात जिताडा कशाला पाळता?"

"खायाला. आनि कशाला?"

"खायला इतर मासे आहेत की तळ्यात. जिताडा त्यांना खातो. तो काढून टाकला तर तुम्हाला मासे जास्त मिळतील."

ते माझ्याकडे असं बघायला लागले, जसं शहाणा माणूस बावळटाकडे बघतो. "मेस्त्री, तुमाला मासल्यातला काय कलत नाय. जिताडा नसला का बारीक मासली मरनाची वाडतात. मंग कुनालाच खायाला पुरत नाय, सगली खुरटी ऱ्हातात. एकाला पन अंग धरत नाय. तो खातो म्हनून तर उरलेली मोटी..."

वाक्य अर्धवट राहिलं. धर्मा पाटलांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. पण ते हो म्हणाले नाहीत. गावासमोर हो म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि ज्या कारणाने त्यांनी औषध घातलं होतं ते कारण त्यांच्या शेजारीच बसलं होतं.

बोलली ती यशोदाबाई. "माजी करडं गेली तवा मी रडले ना? तशी परवाच्या दिशी त्या शेताकडं बघून पन रडले. करडू परत होतं. शेली हाय तवर करडू होनार. त्या जमिनीला कुनी जल्म द्यायचा?" मग ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मी दिस मावलायच्या आदी शेल्या कोंडीन. कुडाचा खोपटा करून द्या मला, खालून दगड लावून. कोल्याला करडू गावला नाय तर तो मुकाट खेकडेच खाईल. आन् औशद पुन्ना आनलाव तर मी म्हायेरी जाईन."

तिचं माहेर त्याच गावात, चार घरं सोडून होतं. पण धमकी खरी होती.

खोपटं झालं. यशोदाबाईंचं बघून बाकीच्यांनीही कोंबड्यांचे खुराडे आणि शेळ्यांचे गोठे पक्के केले. मेलेली कोंबडी बांधावर फेकायची सवय मोडायला मात्र वेळ लागला. बाहेरून दगड लागला. औषध कुणी आणलं नाही. आता कोल्हे परत यायला हवे होते आणि ते काही अर्ज करून बोलावता येत नाहीत. त्या हिवाळ्यात आले नाहीत. उन्हाळ्यातही नाहीत. गावातली तरणी पोरं मला चिडवायची, "मेस्त्री, तुमचा स्टाफ कवा येनार?" आम्ही मुकाट बिळं भरत राहिलो.

पुढचा पावसाळा संपता संपता एका सकाळी माथ्यावरच्या ओल्या चिखलात मला पावलं दिसली. कुत्र्याची असतील म्हणून मी पुढे गेलो. मग उताराला एक उकरलेलं बीळ दिसलं, शेजारी मोडलेल्या नांग्या पडलेल्या. मी खाली बसलो. पलीकडच्या काठाच्या तिवरांतून ओहोटीला ओहोळ ओलांडून ते आले असावेत. मला इतका आनंद झाला की मी तो कुणाला तरी सांगायला मागे वळलो, तर मागे नर्मदा उभी.

"आलं वाटतं मुडदं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "येऊ दे. माज्यापुरती सोडतील."

तिने म्हटलं तसंच झालं. पुढच्या दोन-तीन वर्षांत बारके खेकडे हटले. संपले नाहीत, संपायला नकोच होते. बिळं राहिली, पण आमची गँग भरू शकेल इतकीच. नर्मदेच्या चिंबोऱ्या कमी झाल्या, पण तिचं म्हणणं असं की अंगाने भरलेल्या मिळू लागल्या. भाव चांगला येतो. धर्मा पाटलांच्या खाऱ्या झालेल्या शेतात तिसऱ्या पावसाळ्याला भात पोटरीला आलं. मला दाखवायला त्यांनी मुद्दाम बोलावलं आणि तिथे गेल्यावर मात्र ते पावसावर बोलत राहिले. कोल्ह्यांचा विषय त्यांनी माझ्याजवळ कधी काढला नाही. पण शेजारच्या गावचा एक जण औषधाची चौकशी करत त्यांच्याकडे आला होता, त्याला त्यांनी अंगणातून बाहेर काढलं, हे मला यशोदाबाईंनी सांगितलं.

सगळीकडे असं झालं नाही, हेही लिहायला हवं. माझ्याच भागातल्या काही गावांत तिवरं गेली, तिथे कोल्हे परतलेच नाहीत. परतायला जागा लागते. मी निवृत्त होईपर्यंत तिथली बिळं भरत होतो आणि माझ्यानंतर कुणी तरी भरत असेल.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी पेणला लग्नाला गेलो होतो, तिथून वाट वाकडी करून खारगावला गेलो. गावात पक्की घरं आली होती, दारोदार मोटारसायकली. दुपार कलली होती. यशोदाबाई म्हातारी झाली होती, पण आवाज तसाच. धर्मा पाटील पेणला दवाखान्यात गेले होते. ती माझ्यासाठी चहा ठेवत होती, इतक्यात परसात कोंबड्यांचा कल्लोळ उठला. यशोदाबाई चहा तसाच टाकून धावली, मीही मागे. एक कोल्हा, चांगला तगडा, परसातून बाहेर झेपावला. तोंडात काही नव्हतं. यशोदाबाईने काठी उचलली आणि त्या वयात, त्या गुडघ्यांनी, ती शेताच्या वाटेने त्याच्या मागे निघाली. तिच्या तोंडातून ज्या शिव्या निघत होत्या त्या इथे छापता येणार नाहीत. कोल्हाही फार घाबरलेला दिसला नाही. मागे वळून बघत, तिच्या वेगाने पळत होता.

बांधावर पोचल्यावर ती थांबली. मी धापा टाकत तिच्या शेजारी उभा राहिलो. ओहोटी उतरली होती. खाली चिखल उन्हात चकाकत होता आणि कोल्हा आमच्याकडे पाठ करून, जणू काही झालंच नाही अशा थाटात, नाक खाली घालून फिरत होता. त्याने उकरलं, पंजा मारला, एक खेकडा उलटा पाडला.

यशोदाबाईने काठी खाली टेकवली. पदराने तोंड पुसलं. आणि त्या अख्ख्या खाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली,

"हां! ते खा, मेल्या! ते किती पन खा!"